काटकोन त्रिकोणापासून विटेपर्यंत : एका प्रश्नाचा प्रवास

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात एक लहानसा प्रश्न आहे. ज्या काटकोन त्रिकोणाचे क्षेत्रफळ आणि कर्ण हे दोन्ही संख्येने समान असतील, असा त्रिकोण कोणता? अट एवढीच, की भुज, कोटी आणि कर्ण या तिन्ही बाजू पूर्णांकात किंवा अपूर्णांकात सांगता आल्या पाहिजेत; करणीगत संख्या, म्हणजे ज्यांचे मूळ नि:शेष निघत नाही अशा संख्या, चालणार नाहीत. शाळकरी मुलालाही समजावा असा हा प्रश्न आहे. परंतु त्याच्या अगदी शेजारी उभे असलेले प्रश्न आठ-नऊशे वर्षे गणित्यांना झुलवीत आले आहेत, आणि त्यांतला एक आजही सुटलेला नाही. या प्रश्नांच्या इतिहासात खानदेश आणि माळवा हे आपले दोन प्रदेश पुन:पुन्हा येतात, म्हणून साहित्यसभेच्या या पत्रिकेत त्याविषयी लिहिणे अस्थानी ठरू नये.

भास्कराचार्यांचे उत्तर पाहावे. ३, ४, ५ हा सर्वांना ठाऊक असलेला काटकोन त्रिकोण घ्यावा. त्याच्या तिन्ही बाजू एखाद्या अज्ञात संख्येने गुणाव्यात. त्रिकोणाचा आकार तोच राहतो, फक्त तो लहान किंवा मोठा होतो. कर्ण होतो त्या अज्ञाताची पाचपट. क्षेत्रफळ होते अज्ञाताच्या वर्गाची सहापट. दोन्ही समान मानली, की अज्ञात संख्या निघते ५/६, आणि बाजू मिळतात ५/२, १०/३ आणि २५/६. क्षेत्रफळ काढून पाहिले तर तेही २५/६ च येते. लगेच पुढचा प्रश्न असा, की क्षेत्रफळ हे तिन्ही बाजूंच्या गुणाकाराइतके कधी असेल? त्याच युक्तीने अज्ञात निघतो १/१०, आणि बाजू ३/१०, ४/१०, ५/१०. युक्तीचे मर्म असे, की क्षेत्रफळ वर्गाच्या वेगाने वाढते आणि बाजू साध्या वेगाने, त्यामुळे दोहोंची गाठ कुठेतरी पडतेच. ३, ४, ५ ऐवजी ५, १२, १३ घेतला तरी उत्तर मिळेल. कोणताही आकार घ्या, तो निराश करीत नाही.

आता प्रश्नातला एकच शब्द बदलू. क्षेत्रफळ कर्णाइतके असावे असे न म्हणता ते नेमके ५ असावे, असे म्हणू. ३, ४, ५ चा आकार घेतला, तर अज्ञाताच्या वर्गाची सहापट ५ झाली पाहिजे. आणि ५/६ चे वर्गमूळ नि:शेष निघत नाही. आकाराने निराश केले. आता दुसरा आकार शोधायचा, तो जमला नाही तर तिसरा. आणि कुठे थांबायचे हे कोणी सांगत नाही. क्षेत्रफळ दिलेले असताना असा त्रिकोण सापडेल का, हा प्रश्न दहाव्या शतकातील अरबी हस्तलिखितांत आढळतो. इटलीच्या लिओनार्दो फिबोनाचीने १२२५ मध्ये ५ या क्षेत्रफळाचे उत्तर दिले : ३/२, २०/३ आणि ४१/६. क्षेत्रफळ १ असलेला असा त्रिकोण अस्तित्वातच नाही, हे सतराव्या शतकात फ्रान्सच्या फर्माने सिद्ध केले. ज्या संख्यांसाठी त्रिकोण मिळतो त्यांना ‘सुसंगत संख्या’ म्हणू. ५, ६ आणि ७ या सुसंगत आहेत. १, २, ३ आणि ४ नाहीत. १५७ ही सुसंगत आहे, पण तिचा सर्वांत साधा त्रिकोण डॉन झागियर या गणितज्ञाने शोधून दाखविला, तेव्हा त्याच्या एका बाजूचा अंश २४ अंकी आणि छेद २३ अंकी निघाला. हाताने आकार तपासत बसणाऱ्याला असा त्रिकोण जन्मात सापडला नसता.

भास्कराचार्यांचे सामर्थ्य कमी होते म्हणून ते या वाटेला गेले नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एखाद्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळविल्यास पुन्हा वर्गच कधी मिळेल, हा प्रश्न त्यांनी चक्रवाल पद्धतीने सोडविला आहे. उत्तरातील लहान संख्या २२६१५३९८० आणि मोठी १७६६३१९०४९ आहे. हाच ६१ चा प्रश्न फर्माने १६५७ मध्ये युरोपातील गणित्यांपुढे आव्हान म्हणून टाकला, आणि भास्कराचार्यांनी तो पाचशे वर्षे आधी सोडविला होता. चक्रवालाचा गुण असा, की ते हमखास संपते. चाक फिरवीत राहिले की उत्तर येतेच. पण ते वर्गांच्या, म्हणजे दुसऱ्या घाताच्या समीकरणांपुरते. दिलेल्या क्षेत्रफळाचा त्रिकोण हा प्रश्न मांडून पाहिला की तो तिसऱ्या घाताचा होतो. तिथे हमखास संपणारे, सिद्ध झालेले चाक आजही कोणाजवळ नाही.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इसवी सन १११४ चा. ‘सिद्धान्तशिरोमणी’ त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये रचला. सह्याद्रीच्या पायथ्याचे विज्जडविड हे त्यांनी सांगितलेले गाव नेमके कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण त्यांच्या घराण्याचा शिलालेख कुठे आहे याविषयी शंका नाही. इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्याने सेंधवा, शिरपूर करीत धुळे गाठावे आणि तेथून चाळीसगावकडे वळावे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील देवीच्या मंदिरात हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांना आढळला आणि १८६५ मध्ये त्यांनी त्याची माहिती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत प्रसिद्ध केली. लेखातील वंशावळीत भास्कराचार्यांचे एक पूर्वज भास्करभट्ट यांना भोजराजाने ‘विद्यापति’ ही पदवी दिल्याचा उल्लेख आहे. खानदेशातील या विद्वान घराण्याचा धारच्या दरबाराशी असा जुना संबंध होता.

लेखाचा मुख्य विषय मात्र वंशावळ नव्हे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर, आणि लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा यादवराजा सिंघणाच्या दरबारी मुख्य ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालू राहावे म्हणून चांगदेवाने पाटण येथे मठ स्थापिला, आणि शके ११२८ मध्ये निकुंभवंशीय सोइदेव या मांडलिकाने त्या मठाला दान दिले. लेखाचा प्रशस्तीचा भाग संस्कृतात आहे. पण दानाचा तपशील सांगायची वेळ आली, तेव्हा लेखकाने सरळ त्या काळची मराठी वापरली. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील उत्पन्नाचा हिस्सा, घाण्यांवरचे तेल, अशा रोजच्या व्यवहाराच्या गोष्टी त्यात येतात. राज्य शासनाच्या सेवेत असताना मी अनुदानाचे आदेश बरेच वाचले आणि काही स्वत: लिहिलेही. त्या सवयीने हा लेख वाचताना जाणवते, की आदेश पक्का आहे. पैसा कोणत्या बाबीतून यायचा, कोणाला द्यायचा आणि कशासाठी, हे तिन्ही त्यात आहे. ज्याने तो लिहिविला त्याला एवढे नक्की कळत होते, की ग्रंथ आपोआप वाचला जात नाही. तो शिकविणारा माणूस लागतो आणि त्या माणसाच्या दिव्याला तेल लागते.

मठ पुढे राहिला नाही, पण ग्रंथ हिंडत राहिले. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले. बीजगणिताचे फारसी भाषांतर १६३४ मध्ये झाले. कोलब्रुकने १८१७ मध्ये दोन्ही इंग्रजीत आणली. यानंतर हा धागा आपल्या माळव्याच्या वेशीवर येतो. १८३० नंतरच्या दशकात लॅन्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी सिहोर येथे भोपाळचा पोलिटिकल एजंट होता. पृथ्वी फिरते हे कोपर्निकसचे मत एतद्देशीय विद्यार्थ्यांच्या गळी उतरवायचे, तर आधी त्यांना भास्कराचार्यांचा सिद्धान्त शिकवावा, म्हणजे पुराणांतील भूगोलाकडून नव्या ज्योतिषाकडे जाण्याची पायरी तयार होईल, असे त्याचे म्हणणे होते. सिहोरच्या पाठशाळेत त्याने तसे शिक्षण सुरू केले. त्याच्या मंडळीतले सुबाजी बापू हे मराठी पंडित. त्यांनी पुराणे, सिद्धान्त आणि कोपर्निकस या तिन्ही मतांची तुलना करणारा ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. तो १८३६ मध्ये मुंबईस छापला गेला. मुंबई-पुण्याच्या वाचकाला अर्वाचीन शास्त्र समजावून देणाऱ्या आरंभीच्या मराठी पुस्तकांपैकी एक सिहोरच्या पंडिताने लिहिलेले असावे, याची नोंद आपल्याकडे क्वचितच घेतली जाते.

याच सिहोरला विल्किन्सनने नागपुराहून एक तरुण विद्यार्थी आणला. त्याचे नाव बापूदेव शास्त्री. जन्म १८२१ चा, पुण्याचा. नागपुरात त्याने लीलावती आणि बीजगणिताचा अभ्यास केला होता. सिहोरहून तो काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक म्हणून गेला, आणि पुढे त्याच्या हातून भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे संपादन आणि हिंदीत बीजगणिताचे पुस्तक अशी कामे झाली. १८४१ मध्ये विल्किन्सन वारला आणि सिहोरचा उपक्रम ओसरला. पाटणप्रमाणे सिहोरलाही आश्रयदाता गेला आणि विद्यापीठ विरले. मात्र तेथून शिकून गेलेला एक माणूस दुसरीकडे दिवा लावून बसला.

इकडे युरोपात काटकोन त्रिकोणाच्या प्रश्नाला निराळेच वळण लागत होते. ते समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. वाचकांनी धीर सोडू नये. दिलेल्या क्षेत्रफळाच्या त्रिकोणाचा प्रश्न एका वक्ररेषेवरील अपूर्णांकी बिंदू शोधण्याच्या प्रश्नात बदलता येतो. क्षेत्रफळ १ असेल तर त्या वक्राचे समीकरण असे : एका संख्येच्या घनातून तीच संख्या वजा करावी आणि बाकी दुसऱ्या एखाद्या संख्येचा वर्ग असावी. अपूर्णांक अनंत असल्याने थेट शोध निष्फळ होतो. म्हणून गणितज्ञांनी हाच प्रश्न घड्याळी अंकगणितात विचारला. आठवड्याचे वार मोजताना आपण सातानंतर पुन्हा एकावर येतो, म्हणजे फक्त सातने भागून उरणारी बाकी पाहतो. तसे ३, ५, ७, १३ अशा मूळ संख्यांचे घड्याळ घेऊन त्यात या समीकरणाची किती उत्तरे आहेत ते मोजावे. ३ च्या घड्याळात ३ उत्तरे निघतात, ५ च्या घड्याळात ७, ७ च्या घड्याळात ७ आणि १३ च्या घड्याळात पुन्हा ७. घड्याळाच्या आकाराइतकीच उत्तरे असावीत अशी ढोबळ अपेक्षा धरली, तर अपेक्षेतून प्रत्यक्ष वजा केल्यावर फरक येतात ०, उणे २, ० आणि ६.

आता या त्रिकोणाशी काहीही संबंध नसलेला एक गुणाकार करावा. एक चल घ्यावे. १ मधून त्याचा चौथा घात वजा करावा, १ मधून आठवा, १ मधून बारावा, असे चारच्या पाढ्याने पुढे जात प्रत्येकाचा वर्ग घ्यावा. त्याचप्रमाणे आठच्या पाढ्याने आठवा, सोळावा, चोविसावा असे घात वजा करून त्यांचेही वर्ग घ्यावेत. आणि या सगळ्यांना एकत्र गुणून वर मूळ चलाने गुणावे. विस्तार केला की पहिल्या घाताचा गुणक येतो १, पाचव्याचा उणे २, नवव्याचा उणे ३, तेराव्याचा ६. तिसऱ्या आणि सातव्या घाताचा गुणक शून्य. घड्याळांतून मोजलेले फरक हेच! आणि ही जुळणी केवळ या चार घड्याळांपुरती नाही; ती कोणत्याही मूळ संख्येच्या घड्याळात टिकते, आणि तशी सिद्धताही आहे.

अशा गुणाकारांतून किंवा बेरजांतून तयार होणाऱ्या, अतिशय काटेकोर सममिती असलेल्या पदावल्यांना मॉड्युलर रूपे म्हणतात. गालिच्यावरील नक्षी सरकविली, फिरविली तरी स्वत:वरच येऊन बसावी, तशी ही रूपे ठरावीक बदलांनंतर स्वत:कडेच परततात. सममितीची अट इतकी कडक असते, की ठरलेल्या वजनाची आणि पातळीची रूपे मोजकीच असतात. म्हणून थोडी पदे जुळली की सगळी जुळतात. श्रीनिवास रामानुजन यांनी १९१६ मध्ये अशाच एका रूपाच्या गुणकांविषयी जे अंदाज बांधले, त्यांतला एक मॉर्डेलने पुढच्याच वर्षी सिद्ध केला, आणि सर्वांत अवघड अंदाज १९७४ मध्ये देलिन्यने सिद्ध केला. अपूर्णांकी गुणकांच्या अशा प्रत्येक त्रिघाती वक्रामागे एक मॉड्युलर रूप उभे असते, हे २००१ पर्यंत पूर्णपणे सिद्ध झाले. त्याच मार्गावर १९९५ मध्ये अँड्र्यू वाइल्स यांची फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता प्रसिद्ध झाली.

सुसंगत संख्यांवर या शस्त्राचा प्रयोग जेरोल्ड टनेल यांनी १९८३ मध्ये केला. त्यांची कसोटी कोणालाही वापरता येईल इतकी सोपी आहे. समजा आपली संख्या विषम आहे आणि १ खेरीज कोणत्याही वर्गाने तिला भाग जात नाही. पहिल्या वर्गाची दुप्पट, दुसरा वर्ग आणि तिसऱ्या वर्गाची आठपट मिळून ती संख्या किती प्रकारे होते, ते मोजावे. धन आणि ऋण पूर्णांक वेगळे धरावेत. मग आठपटीऐवजी बत्तीसपट घेऊन पुन्हा मोजावे. दुसरी मोजणी पहिलीच्या बरोबर निम्मी आली नाही, तर ती संख्या सुसंगत नाही. ११ साठी पहिली मोजणी १२ आणि दुसरी ४ येते. म्हणून ११ क्षेत्रफळाचा त्रिकोण नाही. ५ आणि ७ साठी दोन्ही मोजण्या शून्य येतात, आणि शून्याचे निम्मे शून्यच. मोजणी निम्मी आली की त्रिकोण असतोच, ही उलट बाजू मात्र बर्च आणि स्विनर्टन-डायर यांच्या अजून सिद्ध न झालेल्या एका तर्कावर अवलंबून आहे. निराशेची खात्री आपल्याजवळ आहे. आशेची खात्री अद्याप उधारीवर आहे.

त्रिकोण झाला. आता वीट घेऊ. ज्या विटेच्या तिन्ही कडा पूर्णांकात आहेत आणि तिच्या तिन्ही प्रकारच्या बाजूंचे कर्णही पूर्णांकात आहेत, अशी वीट आहे का? पाउल हाल्के या जर्मन गणित्याने १७१९ मध्ये ती दिली : ४४, ११७ आणि २४०. कर्ण १२५, २४४ आणि २६७ येतात. १७४० मध्ये निकोलस सॉन्डरसन या केंब्रिजच्या अंध प्राध्यापकाने कोणत्याही पूर्णांकी काटकोन त्रिकोणापासून अशी वीट घडविण्याचे सूत्र दिले. त्या सूत्रात भास्कराचार्यांचा ३, ४, ५ घातला, तर बाहेर येते ती हाल्केचीच वीट. पुढे ऑयलरने या विटांचा अभ्यास केला आणि त्याचेच नाव त्यांना पडले. पण एक कर्ण राहिलाच : विटेच्या एका कोपऱ्यातून पोटातून जाऊन समोरच्या कोपऱ्याला भिडणारा. तोही पूर्णांकात असेल अशी परिपूर्ण वीट आहे का? हाल्केच्या विटेत कडांच्या वर्गांची बेरीज ७३२२५ होते. २७० चा वर्ग ७२९०० आणि २७१ चा ७३४४१. हुकले. सॉन्डरसनच्या सूत्रातून निघणाऱ्या एकाही विटेत हा कर्ण जुळत नाही, हे सिद्ध झाले आहे. संगणकांनी प्रचंड मोठ्या संख्यांपर्यंत शोध घेतला. वीट सापडली नाही, आणि ती असूच शकत नाही असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

वीट त्रिकोणाहून अवघड का, याचे कारण तिच्या भूमितीत आहे. काटकोन त्रिकोणाचा आकार भुज आणि कोटी यांच्या एकाच गुणोत्तराने ठरतो. एका चलाने रेषा बनते. विटेच्या आकाराला दोन गुणोत्तरे लागतात. अक्षांश-रेखांशांप्रमाणे दोन चलांनी पृष्ठ बनते. बहुपदींच्या समीकरणांनी बनलेल्या अशा पृष्ठाला बैजिक पृष्ठ म्हणतात. ऑयलरच्या विटांचे पृष्ठ ‘के-३’ नावाच्या जातीचे आहे. कुमेर, केलर आणि कोदाइरा या तिघा गणितज्ञांवरून, आणि काराकोरममधील के-२ शिखरावरून आंद्रे वेल यांनी १९५८ मध्ये हे नाव ठेवले. सॉन्डरसनचे सूत्र म्हणजे त्या डोंगराळ पृष्ठावरची एक पायवाट होय. एखाद्या के-३ पृष्ठावर अशा स्वतंत्र वक्रांची संख्या जास्तीत जास्त २० असू शकते. विटांच्या पृष्ठावर ती नेमकी २० आहे. पृष्ठ अपूर्णांकी समीकरणांनी दिलेले असून त्यावर हे टोक गाठले गेले असेल, तर त्याच्या घड्याळी मोजणीमागे वजन ३ चे एक मॉड्युलर रूप असते, हे रॉन लिव्हने यांनी १९९५ मध्ये दाखविले. त्रिकोणाच्या वक्रामागचे रूप वजन २ चे होते. पृष्ठावर आलो, तर वजन एकाने वाढले.

पोटातल्या कर्णाची अट घातली, की पृष्ठ के-३ जातीचेही राहत नाही. ते त्याहून रानटी जातीचे होते. मिखाएल श्टोल आणि दामियानो तेस्ता यांनी २०१० मध्ये त्याचा बारकाईने अभ्यास मांडला. या पृष्ठावर ४८ ठिकाणी टोके आहेत, म्हणजे तेथे पृष्ठ गुळगुळीत नाही. आणि ती टोके सोडवून घेतल्यावर त्यावरील वक्रांचे स्वतंत्र वर्ग ६४ निघतात. नंतर एबरहार्ड फ्राइताग आणि रिकार्डो साल्वाती मान्नी यांनी हेच पृष्ठ थीटा फलांनी, म्हणजे मॉड्युलर रूपांच्या जवळच्या नातलगांनी, मांडता येते हे दाखविले. तरीही परिपूर्ण वीट आहे की नाही, याचा निकाल लागलेला नाही. पृष्ठाचा नकाशा हाती आला. त्यावर कुठे गाव आहे का, ते कळायचे आहे.

पृष्ठावरची टोके सोडविणे, हा विषय निघाला की माळव्याच्या मराठी माणसाला एक नाव आठवले पाहिजे. श्रीराम शंकर अभ्यंकर यांचा जन्म २२ जुलै १९३० रोजी उज्जैन येथे झाला. वडील शंकर केशव अभ्यंकर ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक. घरची भाषा मराठी, आणि गणिताचे पहिले पाठ घरातलेच. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन १९५१ मध्ये ते हार्वर्डला गेले. तेथे ऑस्कर झारिस्की हे त्यांचे गुरू. साध्या संख्यांच्या जगात बैजिक पृष्ठावरील टोके कशी सोडवायची, हे झारिस्कींनी १९३९ मध्ये दाखविले होते. पण घड्याळी अंकगणिताच्या जगात ती युक्ती चालेना, आणि प्रश्न अडून राहिला होता. अभ्यंकरांनी पीएच.डी.साठी तोच घेतला आणि सोडविला. १९५६ मध्ये तो प्रबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय सव्वीसच्या आसपास होते. पुढे पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी जवळजवळ अर्धशतक अध्यापन केले. १९५७ मध्ये त्यांनी मांडलेला आणखी एक तर्क १९९४ मध्ये रेनो आणि हार्बेटर यांनी सिद्ध केला.

अभ्यंकरांनी विटेच्या प्रश्नावर काम केले नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. विटेच्या पृष्ठावरील टोके साधी आहेत, त्यांना अभ्यंकरांचे अवजड यंत्र लागतही नाही. पण घड्याळाच्या जगात पृष्ठांवर वावरताना पाय टेकवायला जी जमीन लागते, ती तयार करणाऱ्यांत ते होते. त्यांचा आग्रह नेहमी एकच असे : शाळेतले बीजगणित हेच खरे बीजगणित, बहुपदींना हाताने भिडा, नुसत्या अमूर्त भाषेमागे लपू नका. समीकरणांतून चलांचे निरसन करण्याची जुनी विद्या हद्दपार करू पाहणाऱ्यांची त्यांनी एका विनोदी कवितेत खिल्लीही उडविली होती. वर्गात आणि लेखांत ते भास्कराचार्यांचे नाव अगत्याने घेत. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात गणिताच्या अध्ययनासाठी संस्था काढली, तिला नाव दिले भास्कराचार्य प्रतिष्ठान. २ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेत, गणिताचे काम करीत असतानाच त्यांचे निधन झाले. पाटणच्या मठात भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन सुरू झाले ते तेराव्या शतकाच्या आरंभी. पुण्याच्या प्रतिष्ठानात त्यांच्या नावाने अध्ययन सुरू झाले ते विसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात.

या इतिहासाचे दोन प्रकारे वाचन होऊ शकते. ‘सारे काही आमच्या पूर्वजांना ठाऊक होते’ असे म्हणून ग्रंथ कपाटात ठेवणे, हे पहिले. ते सोयीचे आहे, पण खरे नाही. मॉड्युलर रूपे भास्कराचार्यांना ठाऊक नव्हती, आणि असायचे कारणही नव्हते. त्यांना जे ठाऊक होते ते इतके अस्सल आहे, की त्याला उसने दागिने घालण्याची गरज नाही. प्रश्न कसा नेमका मांडावा, अज्ञाताला नाव देऊन त्याच्याशी कसा व्यवहार करावा, आणि कोणत्या आकाराला उत्तर मिळते याचा शोध कसा घ्यावा, हे त्यांनी शिकविले. दुसरे वाचन असे, की हा प्रश्न जिथे जिथे पुढे सरकला तिथे कोणीतरी कोणाला तरी समोर बसवून शिकवीत होते : पाटणला घाण्याच्या तेलावर, सिहोरला एका एजंटाच्या हौसेवर, ग्वाल्हेरला प्राध्यापक बापाच्या घरात. यांपैकी पहिल्या दोन जागी पैसा थांबला आणि शिकविणे थांबले. तिसऱ्या जागी आश्रयदाता लागलाच नाही, कारण शिकविणारा घरातच होता.

इंदूरमधील मराठी घरांत कीर्तन, नाट्यसंगीत आणि पुस्तकांची भिशी या परंपरा अजून तग धरून आहेत. त्यांच्या जोडीला, भास्कराचार्यांचा तो त्रिकोणाचा प्रश्न नातवंडांना घालायला काही खर्च येत नाही. ३, ४, ५ घ्यावा, अज्ञाताने गुणावा आणि ५/६ काढून दाखवावा. मग क्षेत्रफळ ५ सांगून ३/२, २०/३, ४१/६ चा पडताळा त्यांच्याकडूनच करवून घ्यावा. अकराव्या-बाराव्या वर्षी मूल हे सहज करते. शेवटी ४४, ११७, २४० ची वीट सांगावी, तिचे तीन कर्ण काढून घ्यावेत आणि चौथा विचारावा. तो जुळत नाही असे मूल सांगेल. दुसरी वीट आहे का, असेही ते विचारील. आणि त्याला खरे उत्तर द्यावे, की ते जगात अजून कोणालाच माहीत नाही.